नोंदीचा चालक

जॉबकार्ड लिहायला मला नव्वद सेकंद लागतात. तालुक्यात माझा पहिला नंबर आहे आणि जिल्ह्यात चौथा. ही यादी दर सोमवारी लागते आणि मी ती न चुकता बघते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात या नव्वद सेकंदांचा वाटा मोठा आहे आणि तो मला लपवायचा नाही.

गॅरेज दस्तगीर शिकलगारांचं. विट्यातून मायणीकडे जाताना डाव्या हाताला, कोंबडीखाद्याच्या गोदामाला लागून. अख्खं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मी चाचा म्हणते. अकरा वर्षांपूर्वी मी इथे कार्डं लिहायला आले तेव्हा मला पाना कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नव्हतं. चाचांनी सगळं शिकवलं. माझा नवरा कुवेतला गेला आणि तिकडचाच झाला, त्या वर्षी मी दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हते. तेव्हा हा माणूस रोज दुपारी आपला डबा माझ्या काउंटरवर आणून उघडायचा आणि एक शब्द न विचारता जेवायचा. मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, इथे सांगते: मला ते वडिलांच्या जागी आहेत.

आमच्यात भांडणाचा विषय एकच, तो म्हणजे कोड.

पूर्वी कार्डावर गिऱ्हाईक बोलेल ते लिहायचे. गाडी रुसते. चढाला दम खाते. डावीकडे बघते. चाचांना त्यातून बरोबर कळायचं, पण तेच कार्ड कराडच्या वर्कशॉपला गेलं की तिथला माणूस डोकं धरून बसायचा. एकाच बिघाडाला दर दहा मैलांवर वेगळं नाव. पार्ट मागवायला तीन फोन, विम्याला कळवायला आणखी दोन, आणि निव्वळ कार्ड पुरं करण्यात पाऊण तास. मग मानक बिघाड संहिता आली. देशातल्या प्रत्येक गॅरेजची एकच भाषा, मग ते काचेचं शोरूम असो की झाडाखालचं. कार्डावर तीन मुख्य रकाने: तक्रार, कारण, उपाय. त-१७ म्हणजे स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, क-२०३ म्हणजे खालचा सांधा झिजला, उ-८८ म्हणजे सांधा बदलून अलाइनमेंट केली. वायर जोडली की अर्धे कोड गाडी स्वतःच सुचवते, उरलेले मी टाकते, आणि दुपारच्या टेम्पोने पार्ट हजर. चाचा म्हणायचे, "पोरी, गाडी काय आकड्यात कण्हती व्हय?" मी म्हणायचे, तुम्ही ऐका, मी लिहिते, आपलं दोघांचं भागतंय.

खरी गंमत नंतर झाली. दहा वर्षांत देशभर कोट्यवधी कार्डं एकाच भाषेत लिहिली गेली आणि काही संशोधकांनी ती चाळायला घेतली. त्यांना दिसलं की मॉडेल तेच, रस्ता तोच, तरी काही गाड्यांच्या स्टिअरिंगचे सांधे वेगळ्या तऱ्हेने झिजतात. रस्त्याचा दोष नाही, पार्टचा नाही, मग राहिला चालवणारा. आजची गाडी स्टिअरिंग किती हललं हे सेकंदाला हजार वेळा मोजते. सरळ रस्त्यावर हात नुसता ठेवलेला असतो तेव्हा काही चालकांच्या नोंदीत एक बारीक हेलकावा सापडला, सेकंदाला चार ते सहा वेळा, डोळ्यांना न दिसणारा. त्या चालकांची पुढची माहिती काढली तर त्यातल्या बहुतेकांना दोन-तीन वर्षांनी कंपवात निघाला होता. डॉक्टरला कळायच्या आधी गाडीला कळलं होतं.

म्हणून संहितेत चालकांसाठी नवे कोड आले. च-४१: चालकाच्या हातात सूक्ष्म कंप. खाजगी गाडी असेल तर मालकाला तपासणी करून घ्या असं पत्र जातं. प्रवासी गाडी असेल तर परवाना त्याच दिवशी थांबतो. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वीस पोरं नेणाऱ्या माणसाचा हात कापणार असेल तर ते आधी कळलेलं बरं.

फक्त एवढी बारीक नोंद रोज साठवायची तर गाडीची मेमरी दोन दिवसांत भरेल. त्यामुळे संहितेने ठरवलं की स्टिअरिंगचं काम झाल्यावरची पहिली आठ किलोमीटर तेवढी साठवायची. सांधे नवे, झीज शून्य, तेव्हा जो हेलकावा दिसेल तो हाताचाच असणार.

सारिकाताई भिंगारदेव्यांना च-४१ लागला तो असा. त्या एका शाळेची पोरं नेतात, चौदा वर्षं झाली; आताची वीस सीटची व्हॅन त्यांची स्वतःची आहे. आमच्याकडे सांधा बदलून घेतला, संध्याकाळी गाडी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी पोरं उतरत असतानाच संदेश आला. माझ्याकडेही आला, कार्ड बरोबर आहे ना याचा दुजोरा मागायला. मी दिला. दुपारी पोरांना न्यायला दुसरी गाडी आली आणि व्हॅन आमच्या आवारात येऊन उभी राहिली.

*

त्या गोष्टीला एकोणीस दिवस झाले होते. मंगळवारी अकराच्या सुमारास सारिकाताई आल्या आणि काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"अर्पिता, अजून एकदा वायर लावून बघ की."

"ताई, तीनदा लावली. उभ्या गाडीत तिन्ही वेळा तुमचा हात स्वच्छ आला."

"मग काढा म्हणावं की कोड."

"संहितेच्या कचेरीतून उत्तर आलंय. सुरुवातीला कंप येतो आणि जातो, म्हणून स्वच्छ नोंद सहा महिने सलग पाहिजे."

"गाडी चालवायची न्हाई अन नोंद मातूर पायजे. हे कुणाच्या डोक्यातनं आलं?"

मी विचारलं, "मिरजेला गेला होता ना?"

"गेलते. डॉक्टर लई चांगलं. अर्धा तास बघितलं. म्हणलं, मला काय दिसत न्हाई. म्हणलं, मग तसं लिहून द्या. तर म्हणत्यात, बाई, हे गाडीला आमच्या आधी कळतंय, न्हाईच असं मी कसं लिहू?"

मग हळू आवाजात म्हणाल्या, "नात आठ महिन्यांची हाय. मी तिला उचलणं सोडलंय. हातातनं निसटली तर? कुणी आणून मांडीवर ठिवली तर बसून घेते, तेवढंच. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी हात बघते. कधी वाटतं कापतोय, कधी वाटतं न्हाई. आता मलाच कळंना झालंय."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नाही. चाचा मागच्या शेडमध्ये ट्रॅक्टरची मोटर उघडून उभे होते आणि आमचं बोलणं तिथपर्यंत सहज जात होतं. एरवी ताई आल्या की ते हात पुसत पुढे येतात. आज आले नाहीत.

*

ताई गेल्यावर मी आमच्या गॅरेजची च-४१ची यादी काढली. का काढली ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक चिडून.

सात महिन्यांत अकरा. मी आकडा पुन्हा बघितला. कराडला आमच्या पाचपट काम होतं आणि तिथे दोन. आधी वाटलं, विट्याच्या पाण्यात काही आहे की काय. मग नावं वाचत गेले. पोल्ट्रीवर येणारी तेवीस वर्षांची जनावरांची डॉक्टर. तालमीतला एक पैलवान, ज्याच्या हातावर कोणी लोंबकळलं तरी तो हलायचा नाही. एक निवृत्त मास्तर, दोघे सोनार, असे अकरा जण. एकमेकांशी कशाचा संबंध नाही, वयाचा नाही, कामाचा नाही.

संबंध एकच होता. अकराही गाड्यांच्या स्टिअरिंगचं काम आमच्याकडे झालं होतं आणि अकराही गाड्या चाचांनी ट्रायलला नेल्या होत्या.

मोठ्या वर्कशॉपात ट्रायल म्हणजे गाडी रोलरवर चढवतात आणि स्टिअरिंग मशीनच धरतं. चाचांना ते पटत नाही. गाडी रस्त्यावर नेल्याशिवाय ते कार्ड बंद करू देत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात ट्रायल देत नाहीत. काचा खाली, रेडिओ बंद, शेजारी मालक बसला असेल तर त्याने बोलायचं नाही. आमच्या फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. जाताना चार किलोमीटर, येताना चार.

संहितेने साठवलेली पहिली आठ किलोमीटर गिऱ्हाइकांची नव्हतीच.

आता माझी गोष्ट. कार्डावर खाली एक छोटा चौथा रकाना असतो: नोंदीचा चालक, मालक की अन्य. तो दर वेळी विचारून भरायला सहा सेकंद जातात. तीन वर्षांपूर्वी मी तो 'मालक'वर कायमचा बसवून टाकला होता. त्याच महिन्यात मी तालुक्यात पहिली आले आणि चाचांनी पेढे वाटले.

*

दुपारी ते डबा घेऊन आले तेव्हा मी टॅब्लेट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

"कधीपासून, चाचा?"

"मागच्या उरुसापासनं. आधी नुसता अंगठा हलायचा. वाटलं, ग्राइंडरनं मुंग्या येत असत्याल. पाना धरला की थांबतंय बघ. काम करताना काय न्हाई. हात रिकामा ठिवला की सुरू हुतंय. म्हणून मी रिकामा ठिवतच न्हाई."

खरंच होतं. वर्षभर त्यांच्या हातात मी कायम काहीतरी बघत होते, पाना नाहीतर फडकं नाहीतर सुपारीची डबी, आणि मला वाटायचं काय उद्योगी माणूस आहे.

"सारिकाताईंचा कोड आला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "त्याच दिवशी."

"एकोणीस दिवस झाले."

"मोजल्यात मी बी."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका, की समोर कोणी दुसरं असतं तर मी उठून गेले असते. आणि त्याच वेळी या माणसाने वर्षभर एकट्याने हे कसं सांभाळलं असेल या विचाराने रडूही येत होतं. दोन्ही एकदम होत होतं आणि मी टॅब्लेटच्या काचेवरचा डाग पुसत बसले होते.

"रोज सकाळी ठरवायचो," चाचा म्हणाले, "आज सांगतो. मग पयली गाडी आत यायची. म्हणायचो, एवढी करतो अन सांगतो. मग दुसरी. मिस्त्रीचा हात गेला म्हणल्यावर मागं काय उरतंय, पोरी? लोकं माझ्या तोंडाकडं बघून गाडी लावत न्हाईत."

"लवकर कळलं तर औषधानं वर्षानुवर्षं हात ताब्यात राहतो. सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यासाठीच हा कोड काढलाय."

"लिवलेलं मला बी वाचता येतंय."

मी दार लोटून घेतलं. यादी बघितल्यापासून माझ्या डोक्यात एक मार्ग फिरत होता आणि तो वाईट आहे हे मला कळत होतं. "चाचा, ऐका. क-६१० म्हणून कोड आहे. सेन्सर सदोष. मी ताईंच्या कार्डावर तो टाकते आणि सेन्सर बदलते. त्यांचा च-४१ आपोआप पडतो, उद्या सकाळी त्या पोरं आणायला जातात. बाकीच्या दहा जणांना नुसती पत्रं गेलीत, त्यांनाही सेन्सरचंच सांगू. ट्रायल उद्यापासून मी घेते. तुम्ही कंबर दुखते म्हणून सांगा आणि गुपचूप डॉक्टरकडे जा. कोणाला काही कळणार नाही."

बोलता बोलता मी कार्ड उघडून क-६१० टाकलाही होता. दाबायचं तेवढं राहिलं होतं.

"सेन्सर खराब हाय?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मग खराब का लिवतीस?"

"कारण दुसरा मार्ग नाही."

"त्यो सेन्सर मी सोता बसवलाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "त्यानं बरोबर पकडलंय. जे डॉक्टरला दिसलं न्हाई, माझ्या बायकूला दिसलं न्हाई, तुला दिसलं न्हाई, ते त्यानं आठ किलोमीटरात पकडलं. अन त्यालाच नालायक म्हणून भंगारात टाकायचं? चांगल्या पार्टला खराब म्हणायचं न्हाई. या गॅरेजात न्हाई."

"आणि एकोणीस दिवस गप्प बसायचं, ते चालतं?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. चाचांनी मान खाली घातली.

"न्हाई चालत," ते म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय. एक केलंय तेवढं बास. खोड ते. अन बाईला बोलाव."

*

सारिकाताई चारला आल्या. चाचांनी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. व्हॅनपाशी उभे राहूनच चाचांनी सगळं सांगितलं. आवाज त्यांनी मुद्दाम बारीक केला नाही. ट्रॅक्टरसाठी थांबलेली दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती.

ताईंनी एकच विचारलं, "तुम्हाला कधीपासनं म्हाईत हाय?"

"पयल्या दिवसापासनं."

"मिस्त्री, मी पोरीला उचललं न्हाई."

"सकाळी ऐकलं. मागं उभा हुतो."

ताईंनी हात वर उचलला. मला वाटलं, त्या मारणार. त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला, बोटं पसरली आणि बघत राहिल्या, जणू तो त्यांना कोणी आत्ताच आणून दिला होता. मग मी मधे पडून माझ्या रकान्याचं सांगितलं, कारण सगळा दोष चाचांवर जाणं मला सोसवेना.

"म्हणजे तुला सा सेकंद वाचवायचं हुतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं." यापलीकडे त्या मला काही बोलल्या नाहीत आणि ते मला लागायचं तेवढं लागलं.

उरलेलं काम सोपं आहे असं मला वाटत होतं. अकराही कार्डांवरचा चौथा रकाना मी 'अन्य' केला आणि चाचांचा मिस्त्री क्रमांक टाकला. संहितेने पडताळणी मागितली: त्याच गाडीत, त्याच माणसाने, स्टिअरिंगवर दोन्ही हात सैल ठेवून दोन मिनिटं बसायचं. गाडी उभी असली तरी चालतं. हेलकावा जुन्या नोंदीशी जुळला की ताईंचा कोड जातो, इतर दहांचाही जातो, आणि एकट्या चाचांच्या नावावर चढतो. तीन वेळा संधी. तिन्ही फुकट गेल्या तर पुढची पडताळणी महिन्याने.

चाचा व्हॅनमध्ये चढून बसले. मी वायर जोडली. दोन मिनिटं झाली आणि पडद्यावर आलं: कंप आढळला नाही.

"चाचा, धरू नका. नुसते ठेवा."

"ठिवल्यात की."

"नाही, धरलेत. बोटं बघा."

त्यांनी बोटांकडे बघितलं. खरंच, नखं पांढरी पडली होती. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले, ओठ घट्ट केले. तरी तेच आलं. वर्षभर ज्या हाताला दाबून ठेवायला शिकवलं, तो आता सोड म्हटलं तरी सुटेना. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मी मुद्दाम करत न्हाई," ते ताईंना म्हणाले. "आईशप्पत, मुद्दाम करत न्हाई."

एक संधी उरली होती. मी बोट बटणावर ठेवून उभी राहिले. दाबायचा धीर होईना.

सारिकाताई पलीकडून गेल्या, दार उघडून चाचांच्या शेजारी बसल्या. "मिरजेच्या डॉक्टरांनी मला शंभरापासनं सात-सात उलटं वजा करायला लावलं हुतं," त्या म्हणाल्या. "हाताकडं ध्यान ऱ्हायला नगं म्हणून."

"मला कुठलं जमतंय ते," चाचा म्हणाले.

"मग दुसरं सांगा. मी तुमच्याकडं पयली गाडी कुठली आणली हुती?"

"सहा सीटर. हिरवी. डिझेलवरची, जुनी."

"काय झालंतं तिला?"

ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

"सायलेन्सर," चाचा म्हणाले. "ती बांधून आणलीती तुम्ही, साडीच्या काठानं. मी म्हणलं, बाई, हे पेटलं असतं. मग दोन महिन्यांनी क्लच. तुम्ही क्लचवर पाय ठिवूनच चालवायच्या, शिकलाच तसं. मी सांगितलं तर रागावलासा. मग ती इकली अन पांढरी घेतली, बॅटरीवरची पयली. तिचा बेअरिंगचा आवाज… बाकी सगळी म्हणली टायरचा आवाज हाय. मी पुलापर्यंत नेली अन आणली. म्हणलं टायर न्हाई, डावं मागचं बेअरिंग. उघडलं तर गोळ्या चुरा झालेल्या. त्यात पोरं बसत हुती…"

पडद्यावरची रेष सपाट होती. मग ती हलली. मी वर बघितलं. चाचांच्या उजव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगवर सरकत होता, मागे-पुढे, अगदी थोडा. मग पहिलं बोट. मग सगळा पंजा. डोळ्यांना न दिसणारा कंप तो आता राहिला नव्हता. ट्रॅक्टरवाली दोघं काचेतून बघत होती आणि त्यांतल्या एकाने टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसेल. मला वाटत होतं कोणीतरी हे थांबवावं. थांबवायचं नव्हतं, हेही कळत होतं. मी उभ्या उभ्या रडत होते आणि वेळ मोजत होते.

दोन मिनिटं झाली. नोंद जुळली. ताईंच्या मोबाईलवर संदेश वाजला, मागोमाग चाचांच्याही. मी "झालं" म्हणायला तोंड उघडलं तर ताईंनी मला हाताने गप्प केलं. चाचा अजून बोलत होते. त्यांच्या सांगण्यात आता शेवटची गाडी आली होती, हीच, वीस सीटची, तिचा सांधा कसा काढला, जुना कसा बसला होता, सगळं. ताईंनी ते पुरं होऊ दिलं.

मग त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या आता, मिस्त्री."

चाचांनी हात मांडीवर घेतले. तिथेही उजवा हलत राहिला आणि त्यांनी त्याला दाबला नाही. खिशातून मोबाईल काढून संदेश वाचला. पडताळणी झालेला कंप असेल तर डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत कुठलीच गाडी चालवता येत नाही, स्वतःचीही नाही. हे मला माहीत होतं. पण त्यांची गाडी बाहेर उभी आहे आणि घर सहा किलोमीटरवर आहे, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांच्याही आला नसावा. ते फाटकाबाहेर बघत बसले.

"सरका तिकडं," सारिकाताई म्हणाल्या.

"कुठं?"

"डावीकडं. मी सोडते घरी." त्या खाली उतरल्या, पुढून वळसा घालून आल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. "मी अजून माफ बिफ केलेलं न्हाई, ते नंतर बघू. आधी माझ्या घरी जायचंय. तिला उचलल्याशिवाय मला आता दम निघत न्हाई. तुम्ही बी बघून जावा."

चाचा डाव्या सीटवर सरकले. "लांबनंच बघीन, बाई," ते म्हणाले. "माझ्या हातात देऊ नका."

"हातात कोण देतंय," ताईंनी सीट पुढे ओढली आणि चावी फिरवली. "भिताडाला टेकून खाली बसायचं, गुडघं वर घ्यायचं, अन पोरगी मांडीवर घ्यायची. निसटत न्हाई. दावते मी कसं ते."